आडव्या काडीची परीक्षा

दाजींनी घरातला उभा दिवा आणला, त्याची वायर काउंटरमागून ओढून घेतली आणि स्टुलावर चढून तो बशीच्या डोक्यावर धरला. बशीत फ्राइज होते. फोटोवाल्या बाईंनी एक डोळा मिटून त्यांच्याकडं पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"जरा डावीकडं. अजून. आता तुमची सावली पडतेय."

"सावली काढून घेतो," दाजी म्हणाले आणि त्यांनी पोट आत ओढलं.

टेबलाशी हाताची घडी घालून बसलेल्या माणसाला सगळं शहर कोतवाल म्हणत असे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत तो 'चवीचा कोतवाल' या नावानं लिहायचा, आणि तो आत शिरताना दिसला की भल्याभल्या हॉटेलांतले आचारी डोक्यावरची टोपी सारखी करायचे. या वेळी पुरवणीनं शहरातल्या सर्वोत्तम फ्राइजची यादी करायचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. यादीत पहिला कोण ते लोक वाचत आणि विसरत. शेवटचा कोण ते मात्र कुणी विसरत नसे. मागच्या खेपेला पिझ्झाच्या यादीत तळाला गेलेल्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळत होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक चेहरा बाहेर आला.

"छोट्या, खा ना रे. गार होतायत."

फोटोवालीनं कॅमेऱ्यामागून हळूच विचारलं, "छोट्या कोण?"

कोतवालानं चष्मा नाकावर वर सरकवला. पन्नाशी उलटलेल्या, चष्म्याला सोनेरी काड्या असलेल्या माणसाला सहकाऱ्यांसमोर अशा नावानं हाक मारायला सख्खी थोरली बहीणच लागते.

"ताई, मी इथं कामावर आलोय."

"मग काम कर. खा."

"आमची एक पद्धत आहे."

ती पद्धत त्याची स्वतःची होती आणि तिचा त्याला अभिमान होता. इतर वर्तमानपत्रांत एक बशी फोटोसाठी सजवून ठेवत आणि समीक्षक दुसरीच बशी रिचवत. हा वाचकाशी चाललेला धडधडीत खोटेपणा आहे, असं त्यानं एकदा अर्धं पान भरून लिहिलं होतं. तेव्हापासून कोतवालाच्या टेबलावर एकच बशी येई. जी वाचकाला दिसणार, तीच तो खाणार. आणि उष्टी बशी फोटोत चांगली दिसत नसल्यामुळं आधी फोटो, मग घास.

दाजींनी टेबलावरचं कापड बदलून पाहिलं. पहिलंच बरं होतं असं ठरल्यावर ते पुन्हा घातलं. जागेत पूर्वी चपलांचं दुकान होतं. पाय मापायची लाकडी पट्टी अजून भिंतीवर खिळ्याला लटकत होती. ती काढून दाजींनी बशीशेजारी आडवी ठेवली.

"सगळे एका मापाचे आहेत, बघा. तुमची ताई हातानं कापते. हे फोटोत आलं तर बरं."

"पाय मापायची पट्टी फोटोत नको," फोटोवाली म्हणाली.

तिचं अर्धं आयुष्य लग्नांचे फोटो काढण्यात गेलं होतं, आणि बशीतल्या पदार्थालाही ती नवरीसारखंच वागवायची. एक काडी उचलून दुसरीवर टेकवायची, लांब जाऊन बघायची, परत येऊन ती अर्धं बोट सरकवायची. खिडकीतला चेहरा दोनदा आत गेला, दोनदा बाहेर आला.

"झालं," अखेर फोटोवाली म्हणाली.

कोतवालानं बाह्या सारख्या केल्या. एक काडी दोन बोटांत धरली, टेबलाला समांतर आडवी केली आणि वाट पाहिली. ही त्याची प्रसिद्ध आडवी परीक्षा. काडीनं क्षणभर विचार केला आणि मग मान खाली घातली.

त्यानं ती खाल्ली. आणखी एक खाल्ली. मग रुमालानं बोटं पुसली.

ताई पदराला हात पुसत बाहेर आली. "कसे झालेत?"

"पुढच्या शुक्रवारच्या पुरवणीत येईल."

"मी पेपरला विचारत नाहीये. भावाला विचारतेय."

"भाऊ आज आलेला नाही, ताई."

ताईनं बशीकडं पाहिलं, मग त्याच्या बोटांकडं. तिला बहुधा ती लोंबणारी काडी दिसली असावी. तिनं बशी उचलली आणि आत नेली. दाजी अजून दिवा धरून स्टुलावरच उभे होते.

परतीच्या वाटेवर गाडीत कोतवाल संतापलेला होता. गेले कित्येक दिवस तो संतापलेलाच होता. मॉलमधल्या ज्या हॉटेलात रुमालाचा हंस करून ठेवतात, तिथले फ्राइज वाकले. उड्डाणपुलाखालच्या गाडीवरचे वाकले. सिनेमागृहातले वाकले, कॉलेजसमोरचे वाकले, आणि परदेशी आचाऱ्यानं स्वतः टेबलापर्यंत आणून दिलेले तर बशीतच झोपले होते. एका अख्ख्या शहराला बटाटा तळता येऊ नये? इथं लोक कर भरतात, मुलांना शाळेत घालतात, निवडणुकीला रांगा लावतात, आणि फ्राइजच्या नावाखाली ओली सुतळी खातात. वर 'मस्त आहेत' म्हणतात!

ताईवरचा राग वेगळा होता. आपली ही सख्खी बहीण आहे हे त्यानं कार्यालयात कुणाला सांगितलं नव्हतं; यादीत तिचं दुकान कुणीतरी परस्पर घातलं होतं. ती वशिल्याचा शब्द टाकेल आणि आपण तो बाणेदारपणे परतवू, याची त्यानं मनात तयारी करून ठेवली होती. दोन वाक्यं पाठसुद्धा केली होती. ताईनं शब्दच टाकला नाही. ती वाक्यं तशीच राहिली, आणि त्याचाही त्याला राग आला.

"तुमच्या ताई स्वभावानं छान आहेत," फोटोवाली म्हणाली.

"स्वभाव तळता येत नाही."

"कुठं काम करायच्या आधी?"

"कारखान्याच्या कँटीनमध्ये. कारखाना बंद पडला, मग हे काढलं. माझं ऐकलं असतं तर घरी बसली असती."

"आणि मग काय केलं असतं?"

कोतवालानं खिडकीची काच वर केली.

यादी लिहायला त्याला फार वेळ लागला नाही. रागात त्याचा हात चांगला चालत असे. ताईला त्यानं तळाला टाकलं. खरं तर तळासाठी आणखी दोघं तिघं तितकेच लायक होते. पण बहीण आहे म्हणून वर ढकलली असं उद्या कुणी म्हणायला नको. 'हाताची मेहनत दिसते, चव दिसत नाही,' हे वाक्य जमल्यावर त्यानं चहा मागवला.

वर कोण याबद्दल मात्र त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. न्यायालयाच्या इमारतीतलं कँटीन. तिथं कॅमेरा न्यायला बंदी होती, म्हणून फोटोवाली बाहेर पायऱ्यांवर पिशवी सांभाळत बसली होती आणि तो एकटाच आत गेला होता. बाकं कारकुनांनी अडवलेली. मागून वकिलांचा रेटा. काउंटरवरून बशी हातात पडली ती त्यानं उभ्यानंच संपवली. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ वाफ. काडी आडवी धरली तर ती छडीसारखी राहिली. त्या कोंदट खोलीत, जामिनाच्या गप्पांमध्ये, त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं लिहिलं, 'शहरातला शेवटचा प्रामाणिक बटाटा इथं आहे.'

पुरवणी छपाईला जायच्या दिवशी दुपारी संपादिकेचा फोन आला. ती त्याच्या मुलीच्या वयाची होती आणि त्याला 'सर' म्हणायची, पण अशा सुरात की त्याला पुढं काहीतरी करावंच लागे.

"सर, शेवटच्या नंबरचा इतका देखणा फोटो आहे, आणि पहिल्याचा नाहीच?"

"तिथं बंदी आहे."

"मग बशी बाहेर आणा. पान संध्याकाळी सोडायचंय. पहिल्या नंबरच्या जागी मी काय, कँटीनचा दरवाजा छापू?"

कँटीनवाल्यानं खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसत सगळं ऐकून घेतलं. आपण शहरात पहिले आलो आहोत याचं त्याला काही विशेष वाटलं नाही. त्यानं एका पोऱ्यामार्फत बशी बाहेर पाठवली. फोटोवालीनं ती न्यायालयाच्या दगडी पायरीवर ठेवली, उन्हाकडं पाहिलं, कागदाचा पांढरा पुठ्ठा उभा केला, आडवा केला, पुन्हा उभा केला. एक कबुतर दोनदा हाकलावं लागलं.

"झालं," ती म्हणाली.

कोतवालानं सवयीनं एक काडी उचलली आणि आडवी धरली.

ती वाकली.

त्यानं दुसरी धरली. तीही वाकली. तिसरी तर धरायच्या आधीच.

पुढच्या क्षणी तो कँटीनच्या काउंटरवर होता. "ही फसवणूक आहे! फोटो काढायचा म्हटल्यावर दुसराच माल काढलात? मी तुम्हाला पहिला नंबर दिलाय! पहिला!"

"आवाज खाली, साहेब. शेजारी सुनावणी चाललीये."

"परवाचा माल कुठाय?"

"कुठला परवाचा? रोज एकच पाकीट फोडतो. गोठवलेले येतात, तेलात सोडतो, काढतो. आवडत नसतील तर खाऊ नका. परवा तर मिठाचे कणसुद्धा बोटानं टिपून खात होतात."

रांगेतले दोन वकील हसले. कोतवालाचे कान तापले.

"माझ्यासमोर तळा. आत्ता."

कँटीनवाल्यानं खांदे उडवले आणि झारा तेलात सोडला. बशी आली. कोतवालानं एक काडी तिथंच आडवी धरली. छडीसारखी. तोंडात टाकली. डोळे मिटले. तेच ते. प्रामाणिक.

"बघा!" तो रांगेकडं वळून म्हणाला. "हा खरा माल! आणि बाहेर पाठवला तो कुठला? आता दोन्ही बशा शेजारी ठेवून दाखवतो."

तो बशी घेऊन निघाला. जिन्यात साक्षीदारांची गर्दी होती, तिथं त्याला थांबावं लागलं. दारावरच्या पहारेकऱ्यानं अडवलं.

"बशी कँटीनची आहे. बाहेर न्यायला परवानगी?"

"मघाशी एक बशी गेली की!"

"ती पोऱ्या घेऊन गेला. तो कँटीनचा आहे. तुम्ही कोण?"

'तुम्ही कोण' असं विचारणारा माणूस कोतवालाला बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता. त्यानं सांगितलं. पहारेकऱ्याला ते पुरेसं वाटलं नाही. शेवटी ओळखपत्र ठेवून घेऊन त्यानं सोडलं, आणि कोतवाल विजयी मुद्रेनं पायऱ्या उतरून फोटोवालीसमोर आला. नवी बशी त्यानं जुनीशेजारी ठेवली.

"आता फरक बघा," तो म्हणाला आणि नव्या बशीतली काडी उचलली.

काडीनं क्षणभर विचार केला.

कोतवालाचं तोंड ओरडण्यासाठी उघडं होतं. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. ओरडावं असं समोर कुणीच नव्हतं. बशी कँटीनपासून पायरीपर्यंत त्यानं स्वतःच्या हातानं आणली होती. काडी लोंबत राहिली. त्यानं ती हलकेच खाली ठेवली, जणू ती झोपली होती.

फोटोवाली भिंगावर झाकण बसवत होती. त्यानं विचारलं.

"एका फोटोला तुम्हाला किती वेळ लागतो?"

"नवरीवर असतं. नीट बसली तर पटकन."

"माझ्या बहिणीकडं?"

"तिथं बराच लागला. तुमचे दाजी भारी हौशी. दिवा काय, कापड काय. पण खरं सांगू का? सगळ्या यादीत सुंदर फोटो तिथलाच आलाय."

कबुतर परत आलं आणि जुन्या बशीतली एक काडी घेऊन उडालं. ते एकटंच समाधानी दिसत होतं.

तो ताईकडं पोचला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दाजी काउंटरवर बसून टेबलाच्या कापडाची इस्त्री मोडू नये म्हणून त्याची गुंडाळी करत होते. त्यांनी दाराबाहेर पाहिलं.

"बाई नाही आल्या? दिवा आणू का?"

"नको, दाजी. दिवा नको."

तो पहिल्यांदाच खिडकीजवळ न थांबता सरळ स्वयंपाकघरात गेला. ताई कढईसमोर उभी होती. कोपरापर्यंत हात पांढरे झाले होते.

"ताई, एक बशी दे."

"बरा आलास. तुलाच बोलावणार होते." तिचा चेहरा खुलला. "बघ आता. आठ दिवस हेच चाललंय माझं."

तिनं झारा उपसला आणि बशी त्याच्यापुढं ठेवली. काड्या पिवळ्याधमक होत्या, पेन्सिलींसारख्या सरळ. एकमेकींवर आपटल्या तेव्हा खडखड आवाज झाला.

"धर की. तुझी ती आडवी का कसली परीक्षा, ती घे."

त्यानं काडी आडवी धरली. ती हलली नाही. ताई त्याच्या बोटांकडं बघत होती, लहानपणी त्याचा निकाल लागायचा तेव्हा बघायची तशी.

"वाकली का? सांग, वाकली का?"

"नाही."

"मक्याचं पीठ लावलं आणि तीनदा तळले. आता उद्यापर्यंत ठेव, वाकायचे नाहीत. काढू दे तुझ्या बाईला पाहिजे तेवढे फोटो."

त्यानं काडी तोंडात टाकली. ती दातांखाली मोडली. तुकडे झाले आणि ते तुकडे तसेच राहिले. आत बटाटा कुठंतरी असावा. पुठ्ठा चावताना होतो तसा आवाज त्याच्या कानांत बराच वेळ येत राहिला. नेहमीच्या सवयीनं संताप वर आला, घशापर्यंत आला, आणि कुणावर जायचं ते न कळल्यामुळं तिथंच थांबला.

"ताई," तो म्हणाला, "पूर्वीसारखे कर ना."

"का? ते वाकतात."

"कर."

"ते तुला आवडले नव्हते. मी बघितलं ना तोंड तुझं. रुमालानं बोटं पुसत होतास, जसं काही मी एरंडेल पाजलं."

"मी ते खाल्लेच नव्हते."

ताईच्या हातातला झारा कढईच्या काठावर टेकला.

"खाल्ले नव्हतेस म्हणजे?"

"म्हणजे… फोटो होईपर्यंत ते राहिलेच नव्हते. मी जे खाल्लं ते दुसरंच काहीतरी होतं."

"मी काय म्हणत होते मग त्या खिडकीतनं?" ताईचा आवाज चढला. बाहेर दाजींच्या हातातलं कापड थांबलं. "दोनदा बोलले ना! खा म्हटलं, तर साहेब कामावर आलेत! साहेबांची पद्धत आहे! आणि मी इथं आठ दिवस पिठात हात घालून बसलेय. रोजची गिऱ्हाइकं तोंडं वाकडी करून गेली. त्या समोरच्या शाळेतल्या बाई, त्या तर म्हणाल्या, काय झालं हो तुमच्या हाताला? मी म्हटलं, माझा भाऊ त्यातला जाणकार आहे!"

कोतवालाकडं पाठ केलेली वाक्यं पुष्कळ होती. त्यातलं एकही इथं चालणारं नव्हतं. त्याच्या खिशातला फोन थरथरू लागला. त्यानं तो काढला.

"सर, पान अडलंय. फोटो सगळे लागलेत. यादी फायनल ना?"

"यादी काढून टाक."

"काय?"

"पहिला, शेवटचा, सगळे नंबर काढ. माझा मजकूरही काढ."

"सर, मग पानावर उरलं काय?"

"फोटो. फोटो खरे आहेत. छान आलेत."

संपादिका म्हणाली, "आणि तुमचं नाव कुठं टाकू?" त्यानं फोन बंद करून खिशात ठेवला.

ताई त्याच्याकडं पाठ करून उभी होती. तिनं पिठाची परात ओट्याच्या टोकाला सरकवली, नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत धुतले. मग टोपलीतला एक मोठा बटाटा घेतला आणि कापायला सुरुवात केली. पट्टीनं मापल्यासारख्या काड्या पडत गेल्या. सुरी बोलत होती. एकदा तळून तिनं ते बाजूला काढले, निथळू दिले, आच मोठी केली. तो जागचा हलला नाही. दाजी दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनाही काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी हात पाठीमागं बांधले.

दुसऱ्यांदा तेलाचा आवाज बदलला तेव्हा ताईनं झारा उचलला, एकदा झटकला, मीठ भुरभुरलं. बशीत काढले नाहीत. झाराच तिनं त्याच्या नाकासमोर धरला.

"खा. गार होतायत."

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. वाफेनं तसंही काही दिसत नव्हतं. एक काडी उचलली. बोटं भाजली. आडवी धरायला त्याला वेळच मिळाला नाही.

"कसे झालेत?" ताईनं विचारलं. आवाजात अजून धार होती.

त्याचं तोंड भाजलं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं. जबडा अर्धा उघडा ठेवून तो आत बाहेर वारा घेत होता, एका हातानं 'थांब, सांगतो' अशी खूण करत होता, आणि दुसऱ्या हातानं पुढची उचलत होता.